रुपयावरची उठलेली रेघ

खिशातला एखादा रुपया उजेडात तिरपा धरला की कधीकधी त्यावर केसाएवढी बारीक रेघ दिसते. आकड्याच्या टोकाशी सुरू होऊन, एखादं अक्षर छेदून ती थेट कडेला जाऊन मिळते. ओरखडा असता तर नख आत अडकलं असतं. इथे मात्र बोटाला उंचवटा लागतो, म्हणजे ही रेघ घेऊनच नाणं टांकसाळीबाहेर पडलेलं असतं. संग्राहक तिला ‘डाय क्रॅक’ म्हणतात. तडा गेलेला असतो तो नाणं पाडणाऱ्या पोलादी ठशाला. ठोक्यासरशी चकतीचा धातू त्या भेगेत शिरतो आणि खोल भेग नाण्यावर उठलेली रेघ होऊन उमटते.

‘हल्लीची नाणी नीट पाडलेली नसतात’ ही तक्रार संग्राहकांच्या बैठकांत नेहमी ऐकू येते आणि पुरावा म्हणून अशीच भेगाळ नाणी पुढे केली जातात. तक्रारीत तथ्य आहे. पण गेल्या चाळीसेक वर्षांतली आपली चिल्लर ओळीने मांडून पाहिली, तर भेग हे त्या घसरणीचं सर्वांत किरकोळ लक्षण ठरतं. खरी घसरण उठावात आणि नाणी एकमेकांपासून वेगळी ओळखू येण्यात झाली आहे, आणि तिचं मूळ ठोका घालणाऱ्या यंत्रापाशी कमी, धातू आणि आकार ठरवणाऱ्या टेबलापाशी जास्त आहे.

आधी ठशाबद्दल. नाण्याचं चित्र मोठ्या आकारात उठावाने घडवलं जातं, हल्ली बरंचसं संगणकावर. ते नाण्याच्या मापाला आणून त्यावरून मूळ ठसा तयार होतो आणि त्याच्या पिढ्या वाढवत शेवटी कामाचे ठसे निघतात. मऊ पोलादावर चित्र दाबून उमटवायचं आणि मग त्या पोलादाला पाणी द्यायचं, असा हा क्रम. पाणी देण्यातच सगळं कसब आहे. पोलाद जास्त कडक झालं तर ते ठिसूळ होऊन तडकतं, मऊ राहिलं तर अक्षरांच्या कडा लवकर बसतात. ठशावर क्रोमचा किंवा तसाच कठीण मुलामा चढवतात, त्यामुळे झीज कमी होते, पण आतल्या पोलादाचा थकवा त्याने थांबत नाही.

आधुनिक छापयंत्र मिनिटाला सातशेच्या घरात नाणी पाडू शकतं. प्रत्येक ठोक्याला ठसा कित्येक टनांच्या दाबाखाली सूक्ष्म दबतो आणि पुन्हा मूळ आकाराला येतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की अखेर तुटते, तसं हे काही लाख ठोके सोसून होतं. तडा सुरू होतो तो बहुधा जिथे ताण साचतो तिथे : अक्षराच्या काटकोनात, आकड्याच्या टोकाला, उठावाची खोली एकदम बदलते त्या रेषेवर किंवा कडेलगत. पोलादातच मळीचा कण राहिला असेल तर तिथे. चकती वेळेवर न सरकल्याने दोन ठसे मोकळेच एकमेकांवर आपटले, तर एका क्षणात दोघांचं आयुष्य निम्मं होतं. तडा वाढत जातो, दोन तडे मिळतात आणि मधला तुकडा निखळून पडतो. त्यानंतरच्या नाण्यांवर त्या जागी कडेला चिकटलेला, चित्र नसलेला धातूचा फुगवटा दिसतो.

म्हणजे ठसा तडकणं ही त्याच्या आयुष्याची स्वाभाविक अखेर आहे. जगातली कुठलीही टांकसाळ त्यातून सुटलेली नाही. प्रश्न इतकाच की तडकलेला ठसा यंत्रातून किती लवकर उतरवला जातो. मिनिटाला सातशेचा वेग धरला तर अर्ध्या तासात एकवीस हजार नाणी पडतात. तपासणीचा फेरा अर्ध्या तासाने येत असेल आणि तडा फेऱ्यानंतर लगेच गेला असेल, तर तेवढी नाणी पोत्यांत जाऊन पडलेली असणार. फेरा लांबवला किंवा ‘अजून चालेल’ म्हणून ठसा राहू दिला, तर आकडा लाखांत जातो. रस्त्यावर भेगाळ नाणी सहज सापडू लागली की ठशांकडून त्यांच्या वयापेक्षा जास्त काम घेतलं जात आहे, एवढा निष्कर्ष निघतो. त्याहून जास्त नाही.

बाकीचे दोष थोडक्यात. ठशाच्या खोल अक्षरांत वंगण आणि धातूची धूळ साचली की अक्षरं पुसट येतात किंवा गायब होतात. ठसा बसवताना फिरला तर नाणं उलटल्यावर मागची बाजू वाकडी दिसते. चकती मध्यावर बसली नाही तर चित्र एका बाजूला सरकतं. थकलेल्या ठशाने पाडलेल्या नाण्याच्या कडेलगत धातू वाहिल्यासारखी खरबरीत रेषांची झालर दिसते. हा शेवटचा दोष सर्वांत सामान्य, तरी सर्वांत दुर्लक्षित, कारण त्याला बाजारात किंमत नाही.

पूर्वीची नाणी खरंच चांगली होती का? आधी तुलना प्रामाणिक करायला हवी. संग्रहात जपलेलं जुनं नाणं आणि भाजीवाल्याच्या डब्यातून आलेलं नवं नाणं शेजारी ठेवणं हा न्याय नव्हे. न वापरलेलं नाणं न वापरलेल्याशीच ताडून पाहिलं पाहिजे. आणि फार मागे गेलं तर सुबकपणाची अपेक्षाच बदलते. छत्रपती शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई हाताने ठोकलेली. चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरं पूर्ण उमटलेला नमुना मिळणं म्हणजे भाग्य. अक्षरांची वळणं ठशागणिक वेगळी आणि शुद्धलेखनही. तिथे ठसा कोरणाऱ्या कारागिराचा हात दिसतो आणि त्या नाण्याचं मोल त्यातच आहे. यंत्राने पाडलेल्या नाण्याचं वचन वेगळं असतं : लाखावं नाणंही पहिल्यासारखंच असेल.

ते वचन मुंबईत वाफेच्या यंत्रांबरोबर आलं. कोटातली टांकसाळ १८२० च्या दशकात उभी राहिली. तिथे आणि कोलकात्याला पडलेले चांदीचे रुपये आजही हातात घेतले तर उठाव थक्क करतो, दाढीचा केस न् केस वेगळा. चांदी ठशाला सोसवते हे त्यामागचं पहिलं कारण. दुसरं असं की त्या उठावाकडे लोकांचं लक्ष असे आणि सरकारलाही ते ठेवावं लागे. १९११ साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया निघाला, तेव्हा राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली होती की लोकांना तिथे डुक्कर दिसलं. नाराजी पसरली आणि १९१२ च्या नाण्यावर सोंड लांब करून, हत्ती स्पष्ट करून नवा ठसा आणावा लागला. परक्या सरकारलाही मिलिमीटरभराच्या कोरीवकामाची जबाबदारी टाळता आली नाही.

स्वातंत्र्यानंतरचा काळही सरसकट सोन्याचा नव्हता. १९६४ पासून आलेले ॲल्युमिनियमचे पैसे हलके, ठोका उथळ आणि वर्षभरातच चेहरा हरवलेले. तेव्हा ‘आधी सगळं उत्तम, आता सगळं वाईट’ असा आलेख काढता येत नाही. मात्र एका रुपयाचा प्रवास पाहिला तर उतरण साफ दिसते. १९५० चा निकेलचा रुपया चांदीच्या रुपयाच्याच वजनाचा, ११.६६ ग्रॅमचा होता. १९६२ मध्ये तो १० ग्रॅमवर आला, १९७५ मध्ये तांबे-निकेलचा होऊन ८ वर, १९८३ मध्ये ६ वर. १९९२ मध्ये तो स्टेनलेस स्टीलचा झाला : ४.८५ ग्रॅम, व्यास २५ मिलिमीटर. २०११ ला ३.७९ ग्रॅम आणि २२ मिलिमीटर. २०१९ च्या मालिकेत ३.०९ ग्रॅम आणि २० मिलिमीटर.

यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. मुंबई टांकसाळीने २०१८ मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे, दोन रुपयांचं पाडायला १ रुपया २८ पैसे, पाचाचं पाडायला ३ रुपये ६९ पैसे आणि दहाचं पाडायला ५ रुपये ५४ पैसे खर्च येत होता. दर्शनी किमतीपेक्षा जास्त खर्चून पाडलेला रुपया सरकारने आणखी जड करावा, असं कोणी म्हणणार नाही. शिवाय तांबे-निकेलच्या नाण्यांवर वितळवणाऱ्यांची नजर होती. पाचाची जाड नाणी सीमेपलीकडे जाऊन दाढीच्या ब्लेडांत रूपांतरित होतात, अशा बातम्या २००७ च्या सुमारास येत होत्या. स्टील गंजत नाही, स्वस्त आहे, देशातच मिळतं आणि ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या सेलम कारखान्यात नाण्यांच्या कोऱ्या चकत्याही कापल्या जातात. निर्णय चुकीचा नव्हता.

पण स्टील कठीण आहे. १७ टक्के क्रोमियमच्या या पोलादाला ठशाच्या खोल कोपऱ्यांत शिरवायचं तर दाब वाढवावा लागतो. दाब वाढला की ठसा लवकर थकतो. ठसा टिकवायचा तर चित्र उथळ करावं लागतं. भेगा आणि सपाटपणा ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत. टांकसाळ एक टाळायला जाते आणि दुसरं पदरात येतं. यातून वाट काढायची तर धातू ओळखून चित्र आखलं पाहिजे, आणि हे आपल्याकडे एकदा फार सुंदर जमलेलं आहे. १९८८ मध्ये आलेली २५ पैशांची स्टीलची पावली आठवा, तिच्यावरचा गेंडा. मोठा, भरीव, मोजक्या रेषांचा आकार, भोवती मोकळी जागा. १९ मिलिमीटरच्या चकतीवर तो इतका स्वच्छ उमटे की लहान मुलंही ते नाणं जपून ठेवत. ३० जून २०११ नंतर ती चलनातून गेली. सगळा दोष स्टीलवर ढकलता येत नाही, याचा तो गेंडा पुरावा आहे.

उलट उदाहरण स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांचं. डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचा १९९० चा रुपया तांबे-निकेलचा आहे, संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया स्टीलचा. दोन्ही न वापरलेल्या स्थितीत शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात चेहऱ्याला घडण आहे, दुसऱ्यात आकृती रेखाटल्यासारखी दिसते. माउलींच्या प्रतिमेला याहून खोल ठसा मिळायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. त्यानंतर थोर व्यक्ती, संस्था, वर्धापनदिन यांच्या नाण्यांची रांग लागली. प्रत्येक विषयाला नवे ठसे आणि बारीक अक्षरांची गर्दी. पाचाच्या २३ मिलिमीटरमध्ये चेहरा, नाव, दोन भाषा आणि साल कोंबल्यावर एकाही गोष्टीला खोली उरत नाही. नेहमीच्या नाण्यांवर हीच गत सिंहांच्या पायाशी लिहिलेल्या ‘सत्यमेव जयते’ची होते. ठसा थकू लागला की सगळ्यात आधी ती अक्षरं बुजतात. राष्ट्राचं बोधवाक्य वाचता येत नसेल, तर ते नाणं टांकसाळीच्या दारातूनच परत फिरवायला हवं.

मागणीचा ताण हा या कथेतला दुसरा धागा. आपल्याकडे चिल्लर कायम एक तर फार कमी असते नाहीतर फार जास्त. टंचाई इतकी की १९८५ मध्ये रुपया ब्रिटनमध्ये पाडून आणावा लागला. पुढे नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा परदेशी टांकसाळी कामाला लावल्या : मॉस्को, प्रिटोरिया, स्लोव्हाकियातलं क्रेम्निका, दक्षिण कोरियातलं तेगू. दुकानदार सुट्ट्यांऐवजी गोळ्या हातात ठेवत तो हाच काळ. आणि जानेवारी २०१८ मध्ये नेमकं उलट झालं. नाणी ठेवायला जागा नाही म्हणून चारही सरकारी टांकसाळींना काही काळ उत्पादन थांबवावं लागलं. अशा हेलकाव्यांत दर्जा टिकवणं अवघड असतं. घाईच्या वर्षात ठसा उतरवण्याऐवजी ओढला जातो आणि मंदीच्या वर्षात कुशल हात रिकामे बसतात. संग्राहकाला हे साल आणि खूण पाहून ताडता येतं. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

मला सर्वांत जास्त खटकते ती मात्र वेगळीच गोष्ट. २०११ ची मालिका पाहा. त्यातलं दोन रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं, ४.८५ ग्रॅमचं, स्टीलचं : म्हणजे १९९२ पासून चालत आलेल्या रुपयाचंच माप. त्या मालिकेतला रुपया २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅमचा, म्हणजे आधीच्या स्टीलच्या पन्नास पैशांचं माप. दोन्ही मूल्यं एकेक पायरी खाली उतरून आधीच्या लहान नाण्याच्या चकतीवर जाऊन बसली. जुनी नाणी मात्र परत घेतली गेली नाहीत, त्यामुळे एकाच व्यासाचा, एकाच वजनाचा, एकाच धातूचा जुना रुपया आणि नवा दोन रुपया आजही एकाच गल्ल्यात पडलेले असतात. डोळस माणूस दोनदा पाहतो आणि पुढे जातो. ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं? त्याच्यासाठी व्यास, वजन, कड आणि उठाव हेच नाण्यावरचं लिखाण असतं. उथळ ठशाने त्यातलं एक हिरावलं होतं, मापांच्या या गोंधळाने आणखी दोन हिरावली. उभ्या-आडव्या रेघांची, हाताच्या मुद्रांची, रुपयाच्या चिन्हाची अशा मालिका २००५ पासून भराभर बदलत गेल्या आणि प्रत्येक बदलाने बोटांची सवय मोडली.

मार्च २०१९ मध्ये आलेली नवी मालिका दृष्टिहीनांना सोयीची व्हावी हे उद्दिष्ट सांगूनच आली. तिची रचना राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केली. मूल्य वाढेल तसा आकार आणि वजन वाढतं : दोनाचं २३ मिलिमीटर, पाचाचं २५, दहाचं २७. वीस रुपयांचं नाणं बारा बाजूंचं, हाताला लगेच कळणारं. ही दिशा योग्य आहे आणि तिचं मोकळेपणाने स्वागत केलं पाहिजे. फक्त जुनी सगळी मापं चलनात राहू देऊन नवं माप आणलं की त्याचा निम्मा फायदा वाया जातो.

लोकांचा विश्वास किती नाजूक असतो ते दहाच्या नाण्याने दाखवलं. वरच्या भागात पंधरा रेषा असलेलं नाणं खोटं आणि दहा रेषांचं खरं, अशी अफवा २०१६ च्या सुमारास पसरली आणि कित्येक गावांत दुकानदार, रिक्षावाले, बसवाहक ते नाणं घेईनात. रुपयाचं चिन्ह येण्यापूर्वीच्या रचनेत पंधरा रेषा होत्या, नंतरच्या रचनेत दहा, एवढाच तो फरक. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की दहाच्या नाण्याच्या तोवरच्या चौदाही रचना वैध आहेत. एका मूल्याच्या चौदा रचना! त्यात दिल्लीकडे बनावट नाण्यांचे कारखाने पकडल्याच्या बातम्या येत होत्या. खरं नाणंच पुसट, फिरलेलं किंवा भेगाळ निघत असेल, तर लोकांनी खोटं ओळखायचं कशावरून? नाणं पाडण्याचा दर्जा हा संग्राहकांपुरता विषय राहत नाही तो इथे.

बाहेर पाहिलं तर दोष सगळीकडे आहेत. अमेरिकेच्या १९९९ च्या डेलावेअर राज्याच्या पाव डॉलरवर ठशाच्या भेगेमुळे घोडा थुंकतो आहे असं वाटतं. तो ‘थुंकणारा घोडा’ तिथल्या संग्राहकांचा लाडका आहे. ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्यांवर सालच आलं नाही. रचना बदलताना साल मागच्या बाजूकडून दर्शनी बाजूकडे हलवलं आणि नव्या मागच्या ठशाबरोबर जुना दर्शनी ठसा जोडला गेला. रॉयल मिंटने चूक मान्य केली आणि नाणी वैध असल्याचं सांगितलं. त्याच देशात १२८२ पासून ज्ञात असलेली ‘ट्रायल ऑफ द पिक्स’ची प्रथा आजही चालते. वर्षभरातल्या नाण्यांचे नमुने बाजूला काढून टांकसाळीबाहेरच्या पंचांपुढे तपासले जातात.

आपल्याकडच्या हौशी मंडळींना एक कळकळीचं सांगणं. भेगाळ नाणं अभ्यासाला छान असतं, पण त्याने कोणी श्रीमंत होत नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला किंवा ‘एरर’ रुपयाला लाखो देऊ, अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात, आधी ‘शुल्क’ मागतात आणि गायब होतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला होता. निवृत्तिवेतनातले पैसे यात घालवलेल्या माणसांच्या हकिगती ऐकल्या की संताप येतो.

त्या हौसेतून खरं काम मात्र होऊ शकतं. साल, टांकसाळीची खूण, मूल्य आणि दोष कुठे आहे, एवढ्या चार गोष्टी शेकडो लोकांनी नोंदवल्या, तर कोणत्या वर्षी कोणत्या टांकसाळीत ठसे जास्त ताणले गेले याचा नकाशा तयार होईल. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबई-पुण्यात संग्राहकांच्या मंडळांची चांगली परंपरा आहे. सातवाहन आणि शिवराईइतकंच लक्ष त्यांनी १९९२ नंतरच्या स्टीलकडे द्यावं.

आणि सरकारकडे मागणी करायची तर ती नेमकी हवी. २०११ च्या नाणे कायद्यात प्रमाणित वजनाची आणि त्यात चालणाऱ्या फरकाची तरतूद आहे. अधिसूचनांत व्यास, आकार, कडेचे दाते, धातू ठरतो. उठावाची किमान खोली आणि अक्षरांची सुवाच्यता हेही त्याच काटेकोरपणे मोजता येतं, ते निकषांत यावं. नाण्यांचे नमुने दरवर्षी टांकसाळीबाहेरच्या पंचांनी तपासावेत आणि त्या पंचांत दृष्टिहीन नागरिक असावेत. एका ठशाने सरासरी किती नाणी पाडली, हा आकडा टांकसाळनिहाय प्रसिद्ध व्हावा. नवी रचना किमान वीस वर्षं बदलू नये. आणि २०११ चं दोन रुपयांचं नाणं, जे जुन्या रुपयाच्या मापाचं आहे, ते बँकांमार्फत हळूहळू परत घेण्याचं वेळापत्रक आधी जाहीर व्हावं, कारण त्यासाठी ना नवं तंत्र लागतं ना नवा कायदा.